पित्रातली गाडी

पित्रं बसली की आमचं यार्ड तुंबतं.

कंपनीला पित्रं कळत न्हाईत. लाईन चालूच असती, एकामागं एक नवी गाडी बाहेर पडतच राहती. पण गिऱ्हाइकाला पित्रं कळत्यात. त्या पंधरा दिवसांत कुणी नवी गाडी दारात आणत न्हाई, म्हणून शोरूमवाले उचलत न्हाईत, म्हणून ट्रेलर हलत न्हाईत, आन सगळ्या गाड्या आमच्या उरावर. यार्ड भरलं की ठेकेदार शेजारचं रान भाड्यानं घेतो, ते भरलं की त्याच्या पलीकडचं. परवा तर झेंडूच्या शेताच्या बांधापातुर रांगा गेल्या. एका अंगाला पिवळा झेंडू, एका अंगाला पांढऱ्या गाड्या, वर भादव्याचं ऊन. मधीच एक सर येती, की परत ऊन. बंद गाडीचं दार उघडलं की आतनं वाफ येती, नव्या प्लास्टिकची, गोंदाची, रबराची. लोकांना तो वास लई आवडतो. मला तो सोसत न्हाई, काच खाली करूनच गाडी नेतो. पहिल्यापासनं न्हाई, अलीकडं.

माझं काम सांगतो, म्हणजे माझी लायकी कळंल. लाईनवरनं गाडी सुटली की ती यार्डात नेऊन रांगेत लावायची. एवढंच. दोन गाड्यांच्या मधी एक वीत जागा ठेवायची आन तेवढ्यातनं बाहेर निघायचं. मी हाडकुळा म्हणून मला घेतलं, अक्कल बघून न्हाई. अंगावर पट्टा न्हाई, घड्याळ न्हाई, बटनंसुद्धा कापडाच्या आत, गाडीला चरा जाऊ नये म्हणून. शाळा चौथीपातुर, तीबी मास्तर कंटाळले म्हणून वर ढकललेली. पण गाड्या हजारो चालवल्या. गावात माझ्याएवढ्या गाड्या चालवलेला माणूस न्हाई. फक्त एक हाय, की यार्डात वेग माणसाच्या चालीचा. पहिला गिअर, लई झालं तर दुसरा. तेरा वर्षांत मी यार्डातल्या कुठल्याच गाडीत तिसरा गिअर टाकलेला न्हाई.

हे गावाला ठाऊक न्हाई. गावाला वाटतं, नामा म्हणजे गाड्यांतला डॉक्टर. कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी माझ्या वट्यावर येणार. चहा आमचा, सल्ला फुकट. मी बी कधी म्हणलं न्हाई की बाबांनो, मला यातलं काय कळत न्हाई. उलट दाराचा आवाज ऐकून मान हलवायचो. "पत्रा हलका हाय," म्हणायचो. लोकं खूश.

आन रस्त्यावर? रस्त्यावर आपली मोटारसायकल. लायसन काढलं तवा मैदानात आठचा आकडा काढला होता, त्यानंतर कितीतरी वर्षं डांबरी रस्त्यावर चारचाकी नेलीच नव्हती. भ्या वाटायचं. कंटेनरचं चाक शेजारी आलं की मी मोटारसायकलसुद्धा कडंला घ्यायचो. पण हे कुणाला सांगणार? पोहायला शिकवणारा बुडाला, असं हसतील.

चार वर्षांमागं अशीच पित्रं होती, आन आमच्या घरात गाडी घ्यायचं चाललं होतं.

शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, मूतपिंडाचा आजार. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, निगडीकडच्या दवाखान्यात. जाताना काय वाटायचं न्हाई. मोटारसायकलवर मागं बसून बडबड करायची. "अवो, ते बघा, तिथं पयलं वांग्याचं शेत होतं. आता बघा, बिर्याणी." येताना मात्र सगळं रक्त धुऊन काढलेली बाई, हातात जोर न्हाई, डोळ्यांपुढं अंधारी. मागनं घसरंल म्हणून ओढणी घ्यायची आन माझ्या पोटाभवती गुंडाळून स्वतःला बांधून घ्यायची. सिग्नलला लोकं बघायची. एक रिक्षावाला म्हणला, "काय भाऊ, वैनी पळून जात्यात का?" मी म्हणलं, "न्हाई राव, मी पळून जाईन म्हणून तिनं बांधलंय." तो हसला, मी हसलो. शोभाचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं, ती हसली का न्हाई ते दिसलं न्हाई. घाम मात्र गार लागला, शर्टातनं.

तिच्या डाव्या हातात नस जोडलेली होती, सुई घालायला. डॉक्टरनं सांगितलेलं, त्या हातावर वजन न्हाई टाकायचं, मार लागू द्यायचा न्हाई, आन रोज कान लावून बघायचं, आत घरघर चालू पायजे. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्या मनगटाच्या वर कान लावायचो. घर्रर्र. एखादी गाडी लांब कुठंतरी चालू करून ठेवल्यासारखा आवाज. "चालू हाय का?" ती इचारायची. "चालू हाय, पण सर्व्हिसिंगला आलीया," मी म्हणायचो. रोज तोच इनोद. रोज ती म्हणायची, "मेलं तुमचं तोंड."

तर तिला येताना आडवं होता यावं म्हणून गाडी. शोभाचा भाऊ संतोष रावेतला राहतो, संगणकाच्या कंपनीत हाय. तो म्हणला, "दाजी, तुम्ही यातले एक्स्पर्ट, पण मी जरा लिस्ट बनवलीये." मोबाइलमध्ये त्यानं तीन बारक्या गाड्या आडव्या मांडल्या होत्या आन उभ्या तीन गोष्टी. अॅव्हरेज, दिसायला कशी, पळायला कशी. प्रत्येक घरात मार्क. मला शाळेत जेवढे मार्क पडले न्हाईत तेवढे त्या गाड्यांना.

पित्रात शोरूम म्हणजे लगीन मोडलेलं कार्यालय. एसी चालू, गाणी चालू, माणूस न्हाई. आमी तिघं आत गेलो तर पाच पोरं उठून उभी राहिली. एक पोरगी पुढं आली, "या सर, या मॅडम." मला कुणी सर म्हणलं की मी मागं बघतो कोण आलंय.

पहिली गाडी गॅसवाली. अॅव्हरेज सगळ्यांत भारी, पण डिकी सगळी टाकीनं खाल्लेली आन रूप म्हणजे बिस्किटाचा डबा. उंच, चौकोनी, नाकच न्हाई. दुसरी लालभडक, मागनं उतरती, पुढं एवढा मोठा पडदा की घरचा टीव्ही लाजंल. तिसरी पळणारी. ती पोरगी म्हणली, "सर, पिकअप बघा याचा, हायवेला ओव्हरटेक करताना कळेल." मी दाढी खाजवत म्हणलं, "ते आमाला म्हाईत हाय." ओव्हरटेक! मी आयुष्यात चारचाकीनं बैलगाडीलासुद्धा ओव्हरटेक केलेला नव्हता.

मी आपला तज्ज्ञ झालेलो. दारं आपटली, टायरवर लाथा घातल्या, बॉनेटखाली वाकून "हंऽ" म्हणलो. संतोष लिहून घेत होता.

शोभा कुणाचं ऐकत नव्हती. ती आपली गाडीत बसायची आन उतरायची. परत बसायची, परत उतरायची. लाल गाडीतनं उतरताना तिचं डोकं छताला लागलं आन गुडघ्यावर जोर द्यावा लागला. पळणाऱ्या गाडीची सीट खोल, त्यातनं तिला मी ओढून काढली. डब्यात मात्र ती सरळ बसली, खुर्चीवर बसावं तशी. सीट मागं पाडून बघितली. दार पार काटकोनात उघडायचं. पाय खाली, पदर नीट, उभी. परत बसली, परत उभी राहिली. चार-पाच वेळा. ती शोरूमची पोरगी माझ्याकडं बघाय लागली.

"हीच," शोभा म्हणली.

मी म्हणलं, "अगं, जरा रूप बघ की. गावात दारोदारी छाती एवढ्या उंचीच्या गाड्या, आन यार्डातल्या माणसाच्या दारात हा डबा? लोकं काय म्हणतील?"

ती म्हणली, "मला उतरवून घ्यायला लोकं येणार हायेत का? मला यातलं अॅव्हरेज-बिव्हरेज काय कळत न्हाई. दवाखान्यात दोन बायका धरून उठवत्यात, दोन धरून बसवत्यात. निदान आपल्या दारात तरी मला माझं उतरता आलं पायजे. कुणाचा हात नको."

संतोषच्या मोबाइलातल्या लिस्टीत उतरण्याला घरच नव्हतं. तो म्हणला, "ताई, हे कुठे टाकू?"

पोरगी चावी घेऊन आली. "सर, टेस्ट ड्राइव्ह घ्या ना."

मी हात मागं घेतला. मी म्हणलं, "न्हाई ताई, आमच्यात पित्रात नव्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावत न्हाईत."

असली रीत जगात कुठं न्हाई. मी तिथंच उभ्या उभ्या जन्माला घातली. पोरगी बिचारी म्हणली, "ओके सर, सॉरी सर." संतोषनं गाडी चालवली. मी मागं बसून "क्लच हळू सोड" असं सांगत होतो.

परत आलो तर पोरगी म्हणली, "मॅडमना आवडली ना? मग थांबायचं कशाला? चाकणच्या यार्डातच उभी आहे, याच रंगात. उद्या पैसे भरलेत तर चार दिवसांत पासिंग करून देते. पित्रात गर्दी नसते सर, काम पटकन होतं."

शोभा माझ्याकडं बघत होती. मी म्हणलं, "घटस्थापनेला नेऊ. पित्रात न्हाई."

आई माझी जुन्या वळणाची, तीबी घरी हेच म्हणली, "नामा, पित्रात नवं काय आणू नगं बाबा." मला तेवढंच पायजे होतं. पण खरं सांगायचं तर आईला गप करणं माझ्या हातात होतं. सुनेसाठी म्हणलं असतं तर तिनं स्वतः ओवाळलं असतं गाडीला. मला घटस्थापनेपातुर दिवस पायजे होते, तिसऱ्या गिअरसाठी. चार दिवसांत गाडी दारात आली असती तर पाचव्या दिवशी निगडीला कोण नेणार होतं? आन मी नेत न्हाई म्हणल्यावर गाव काय म्हणलं असतं? पित्रांच्या आड मी लपलो. गेलेल्या बापाआज्याला पुढं केलं आन त्यांच्या धोतरामागं उभा राहिलो.

शोभाला कळलं होतं. रातच्याला भाकरी थापता थापता म्हणली, "अवो, पित्रात स्टेअरिंगला हात लावत न्हाईत, मग यार्डात दिवसभर काय दातानं चालवता?" मी ताट पुढं ओढलं. ती म्हणली, "भ्या वाटतंय ना? वाटू द्या की. संतोष शिकवंल. न्हाईतर मी शिजवते तसं शिका, दोनदा करपंल, तिसऱ्यांदा जमंल. मी काय कुठं चालले न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी यार्डात हुडकली. काचेवरच्या चिठ्ठीचा नंबर शोरूमच्या पोरीनं दिला होता. बाराव्या रांगेत, झेंडूच्या बाजूनं तिसरी. बहुतेक मीच लावलेली, कारण शेजारच्या गाडीत आन तिच्यात बरोबर एक वीत. चहाच्या सुट्टीत मी आत शिरायचो आन गाडी बंद ठेवून गिअर टाकायचो. पहिला, दुसरा, तिसरा. परत पहिला, दुसरा, तिसरा. सीटवर प्लास्टिक, त्याचा कुरकुर आवाज, अंगाला घामाच्या धारा. तोंडानं "घुर्रर्र" बी करायचो. चाळीस वर्षांचा घोडा, बंद गाडीत बसून तोंडानं आवाज काढतोय. कुणी बघितलं असतं तर ठेकेदारानं येड्याच्या दवाखान्यात धाडलं असतं. बाहेर बघितलं की काचेतनं झेंडू दिसायचा. वाटायचं, हीच ती गाडी. हिच्यात बसायला माणूस हाय, न्यायला दवाखाना हाय, आन ही हितं धूळ खातीय, आन मी हिच्यात बसून खेळतोय.

पित्रं संपायला चार दिवस राहिलेले. डायलिसिस करून आमी येत होतो. दुपार कलती झालेली. मोशीच्या पुढं रस्त्याच्या कडंला खडी पडलेली होती. शोभा त्या दिवशी लईच गप होती. ओढणी बांधलेली, डोकं पाठीवर. मला ते गप बसणं सोसंना. म्हणून मी त्या शोरूमच्या पोरीची नक्कल काढली, बारीक आवाज करून. "सर, पिकअप बघा याचा!" आन आरशात मान वाकडी करून बघत होतो, ही हसती का.

हसली. तेवढं दिसलं.

पुढचं चाक खडीवर गेलं. आमी काय जोरात नव्हतो, माणसाच्या चालीपेक्षा जरा जास्त. पण बांधलेलो होतो ना. मी डावीकडं पडलो, ती माझ्यासंगं पडली, माझ्या खाली. डाव्या अंगावर.

मला खरचटलंसुद्धा न्हाई.

दोन पोरं धावत आली, गाडी उचलली, ओढणी सोडवली. शोभा उठून बसली, धूळ झटकली आन म्हणली, "काय झालं न्हाई. चला." मी रस्त्यातच बसलो आन तिच्या हाताला कान लावला. ट्रेलर जात होते, हॉर्न वाजत होते, मला काय ऐकू येईना. म्हणलं आवाजामुळं असंल. घरी गेलो, दार लावलं, पंखा बंद केला, आईला म्हणलं भांडी वाजवू नगं. परत कान लावला.

गप. नुसतं कातडं, गरम.

"चालू हाय का?" शोभानं इचारलं.

त्या दिवशी मला इनोद सुचला न्हाई.

मग दवाखान्यात मानेत नळी घातली. डॉक्टर म्हणले, हाताची नस बंद पडली, आता दुसऱ्या हाताचं बघू, पण वेळ लागंल. मानेतनं काम चालतं पण ताप येतो, जंतू आत जात्यात. तसंच झालं. घटस्थापनेला गाडी आली. हार घातलेली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. संतोषनं चालवत आणली, गावातनं आमच्या दारापातुर. "डबा आला, डबा आला," म्हणत लोकं जमली. कुणी नावं ठेवली न्हाईत. उलट म्हणली, नामानं घेतली म्हणजे काय तरी बघूनच घेतली असंल.

शोभाला मी उचलून बसवली. सीट मागं पाडली. थंडीपातुर दवाखान्याला संतोषच नेऊन आणायचा, मी मागं बसायचो. जिच्यातनं तिचं तिला उतरायचं होतं, त्या गाडीतनं ती एकदाबी तिची ती उतरली न्हाई. दर वेळी मी फिरून त्या बाजूला जायचो, दार काटकोनात उघडायचो आन दोन्ही हात पुढं करायचो. ती माझ्या हातांकडं बघायची, मग तोंड दुसरीकडं करून धरायची.

थंडीत मी शिकलो. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, सकाळी एमआयडीसीतले रस्ते मोकळे. धुकं, कुत्री, बंद टपऱ्या. शोभा शेजारी शाल पांघरून, मानेला पट्टी. मी दुसऱ्या गिअरवर गाडी बोंबलत नेत होतो. ती म्हणली, "अवो, गाडी रडतीय. टाका की तिसरा." मी टाकला. एकदम गप झाली गाडी. तरंगल्यासारखी चालली. शोभा काचेतनं बाहेर बघत म्हणली, "एवढंच होतं व्हय?"

एवढंच होतं.

चैताच्या सुरुवातीला ती गेली. तिच्या आजाराचा आधीपासनंच हाच शेवट होता, डॉक्टर म्हणले, तुमी मनाला लावून घेऊ नका. भला माणूस. लोकं बी म्हणत्यात, नशिबात होतं. मी मान हलवतो, जशी दाराचा आवाज ऐकून हलवायचो तशी.

आता पित्रांत माझीबी एक तिथ हाय. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईची पित्रं नवमीला असत्यात, अविधवा नवमी. ज्या पंधरा दिवसांमागं मी लपलो त्यातलाच एक दिवस तिचा झाला. सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची. यार्ड तुंबलेलं असतं, सुट्टी मिळत न्हाई, तरी सुपरवायझर नवमीला मला सोडतो. गाडी दारातच असती. मी ती यार्डातल्यासारखी भिंतीपासनं एक वीत सोडून लावतो, मग ध्यानात येतं की आता कुणाला उतरायला जागा लागत न्हाई, आन तरी बाहेर काढून परत लांब लावतो.

यंदाच्या नवमीला शेजारच्या मंगलवैनी सवाष्ण म्हणून जेवायला आल्या. संगं त्यांची लेक प्राजक्ता, नुकतीच कंपनीत लागलीया, गळ्यात ओळखपत्र. आईनं खीर केलेली, वडे केलेले. पानं उठली तशी प्राजक्तानं मोबाइल काढला.

"नामाकाका, गाडी घ्यायचीये. छोटीच. तीन सिलेक्ट केल्यात. एकीचं अॅव्हरेज चांगलंय, एक दिसायला मस्त, एक पळायला. तुम्ही सांगाल ती."

मी म्हणलं, "पोरी, मला गाडीतलं काय कळत न्हाई."

दोघी हसल्या. मंगलवैनी म्हणल्या, "भावजी, तुमचं आपलं कायम काहीतरीच."

"खरंच सांगतो. तेरा वर्षं मी यार्डात दुसऱ्या गिअरच्या वर गेलो न्हाई. गाडी चालवायला भीत होतो, म्हणून पित्रांचं निमित्त केलं. शोभासाठी गाडी तयार होती आन मी आणली न्हाई."

मंगलवैनींच्या तोंडाला पदर गेला, हसू आवरायला. "बघ, कसं तोंड करून सांगत्यात! अशी नक्कल कुणाला जमायची न्हाई." प्राजक्ता तर खुर्चीवर मागं रेलली हसून हसून. आतनं आईचाबी हसण्याचा आवाज आला. इतकी वर्षं मी हसवत आलो, आता त्यांची काय चूक.

हसणं वसरल्यावर प्राजक्ता डोळे पुसत म्हणली, "सांगा ना काका. सिरीयसली."

मी इचारलं, "तुझ्या गाडीत शेजारी कोण बसणार हाय?"

तिला कळलं न्हाई. "म्हणजे?"

"म्हणजे कुणाला न्यायचं-आणायचं हाय? कुणाचे गुडघे दुखत्यात, कुणाला आडवं व्हावं लागतं?"

तिनं जरा इचार केला. "कुणी नाही काका. मी एकटीच. घर ते कंपनी, कंपनी ते घर."

"मग कुठलीबी घे," मी म्हणलं.